सहा अश्वशक्ती

जर्मनीतल्या श्टील कंपनीनं १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारं झाड पाडायचं यंत्र काढलं. त्याची ताकद सहा अश्वशक्ती होती आणि वजन ४६ किलो. ते चालवायला दोघं लागत, एक जण इंजिनापाशी आणि दुसरा, साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाशी. तीस वर्षांनी, १९५९ मध्ये, याच कंपनीची ‘काँट्रा’ आली. ताकद तीच, सहा अश्वशक्ती. वजन मात्र १२ किलोवर आलेलं, त्यामुळे एकटा माणूस ती घेऊन जंगलात जाऊ लागला. २०१७-१८ च्या सुमारास आलेली ‘एमएस ४६२’ ही आजच्या व्यावसायिक लाकूडतोड्याची करवत. तिची ताकद ४.४ किलोवॉट, म्हणजे पुन्हा जवळपास सहाच अश्वशक्ती; आणि पट्टी, साखळी, पेट्रोल न धरता वजन सहा किलो.

जवळजवळ नव्वद वर्षं गेली आणि ताकद होती तिथेच राहिली. जुनी चेनसॉ चांगली की नवी, हा वाद या धंद्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या घालत आली आहेत आणि तो बहुधा सीसी, किलोवॉट आणि किलो या तीन आकड्यांवरच अडतो. हे आकडे महत्त्वाचे आहेत, पण खरी प्रगती त्यांत दिसत नाही. ती शोधायची तर करवत धरणाऱ्या माणसाच्या बोटांकडे, गळ्याकडे आणि छातीकडे पाहावं लागतं. आणि नव्या करवतीनं त्याच्याकडून काही काढून घेतलं असेल, तर तेही तिथेच सापडतं.

आधी वजनाचा हिशेब उरकून टाकू. काँट्राचं इंजिन १०६ सीसीचं होतं, ४६२ चं ७२.२ सीसीचं आहे. लहान इंजिनातून तेवढीच ताकद काढायची तर ते जास्त वेगानं फिरवावं लागतं. काँट्राच्या घराण्यातली इंजिनं मिनिटाला साधारण सात हजार फेऱ्यांवर पूर्ण ताकद देत, आताची दहा हजारांच्या आसपास देतात. बाकीचं काम मॅग्नेशियमच्या पातळ ओतकामानं आणि प्लॅस्टिकनं केलं. वेग वाढला तशी साखळीही जोरात धावू लागली. मोठ्या करवतींवर सर्रास असते ती तीन-अष्टमांश इंची साखळी आणि सात दात्यांचं चक्र धरलं, तर दहा हजार फेऱ्यांना साखळी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे ताशी जवळजवळ ८० किलोमीटर. तोडणाऱ्यांसाठी ज्या खास पँट मिळतात, त्यांच्या अस्तरातले लांब धागे साखळीत गुंतून तिला थांबवतात. युरोपीय मानकाप्रमाणे त्यातली पहिल्या वर्गाची पँट सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीवर तपासलेली असते. तेव्हा नवी करवत घेतली की जुन्या पँटवरचा शिक्का एकदा वाचून पाहावा.

जुन्या, मोठ्या, संथ इंजिनाची एक गोष्ट मात्र आजही वाखाणली जाते. जाड बुंध्यात लांब पट्टी पूर्ण बुडवून वर जोर दिला तरी ते गुदमरत नाही, घुमत राहतं. नव्या उंच फेऱ्यांच्या इंजिनाला असा जोर आवडत नाही. त्याला साखळी तिच्या चालीनं खाऊ द्यावी लागते. जुन्या मशीनवर हात बसलेल्या माणसाला नवं मशीन सुरुवातीला ‘कमजोर’ वाटतं, त्याचं एक कारण हे आहे. मशीन कमजोर नसतं, त्याला दाब नको असतो.

या सगळ्यात सर्वांत कमी बदलला तो दाता. पूर्वीच्या साखळ्यांना हातकरवतीसारखे, लाकूड ओरबाडणारे दाते असत. त्यांना धार लावणं जिकिरीचं आणि ती टिकणंही अवघड. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ बफर्ड कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याचं लक्ष लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याच्या अळीकडे गेलं. जबड्यानं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून कुरतडत ती ताज्या लाकडातून आरपार वाट काढत होती, धाग्याच्या दिशेनंही आणि धाग्याला आडवीही. कॉक्सनं तोच आकार पोलादात उतरवला. साखळीवर एक दाता डावीकडे वाकलेला, पुढचा उजवीकडे, आणि प्रत्येकाच्या पुढे एक बुटकी सोंड, जी दात्याला ठरावीक खोलीपलीकडे घुसू देत नाही. १९४७ मध्ये त्यानं पोर्टलंडमध्ये कंपनी काढली. आज कुठल्याही देशातल्या, कुठल्याही कंपनीच्या चेनसॉची साखळी हातात घ्या, दाता मुळात कॉक्सचाच असतो.

तो हातात घेऊन जवळून पाहण्यासारखा आहे. वरचं पातं भुसा सोलतं, बाजूचं पातं धागा चिरतं आणि दोन्ही मिळतात तो कोपरा खरं काम करतो. हा कोपरा गोल झाला की साखळी संपली समजावं, भले बाकीचा दाता चकाकत असो. तीन-अष्टमांश साखळीला ५.२ मिलिमीटरची गोल कानस लागते, साधारण तीस अंशांत धरायची आणि ढकलतानाच जोर द्यायचा, ओढताना नाही. चार-पाच वेळा धार झाली की पुढची सोंडही चपट्या कानशीनं थोडी उतरवायची. दाता आणि सोंड यांच्यात सुमारे ०.६५ मिलिमीटरचा फरक राहिला पाहिजे. तो कमी झाला तर साखळी नुसती घासते आणि जास्त झाला तर हिसके देते. सागाच्या लाकडात सिलिका असते, नारळाच्या खोडातही असते, आणि ती धार भराभर खाते. करवतीखाली जाडसर चुरा पडण्याऐवजी पीठ पडू लागलं की थांबून कानस काढावी. ५० सीसीच्या जुन्या मशीनवरची धारदार साखळी ७० सीसीच्या नव्या मशीनवरच्या बोथट साखळीला सहज मागे टाकते. म्हणून दोन करवतींची तुलना करताना आधी दोन्ही साखळ्यांना सारखी धार आहे का ते पाहावं. बऱ्याच तुलना इथेच फसलेल्या असतात.

आता बोटांकडे वळू. एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो. मिनिटाला सात हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला शंभराहून जास्त धक्के, आणि पहिल्या पिढीच्या करवतींत मुठी थेट इंजिनाच्या अंगावर बसवलेल्या. हे धक्के दिवसभर, वर्षानुवर्षं हाताच्या हाडांतून जात राहिले. १९६० च्या दशकात त्याचं फळ दिसू लागलं. थंड सकाळी लाकूडतोड्यांची बोटं पेरापासून पांढरीफटक पडत. रक्तवाहिन्या आकसून जात, स्पर्श हरपे, मग रक्त परतताना असह्य ठणका लागे. आजार वाढला की शर्टाचं बटणही लावता येत नसे. ब्रिटन, जपान, स्कँडिनेव्हिया अशा सगळीकडून हीच तक्रार येऊ लागली. वैद्यकीय भाषेत याला ‘कंपनजन्य पांढरी बोटं’ म्हणतात. एका टप्प्यानंतर ती बरी होत नाहीत.

यावर उपाय निघाला तो करवतीचे दोन भाग करण्याचा. इंजिन, पट्टी, साखळी हा एक भाग आणि दोन्ही मुठी दुसऱ्या चौकटीवर. दोघांना जोडणारे फक्त रबराचे गोळे. श्टीलनं १९६० च्या दशकाच्या मध्यावर काँट्राच्या पुढच्या आवृत्तीत हे आणलं. स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीनं १९६९ च्या ‘१८०’ या मॉडेलमध्ये कंपनरोधक मुठी मूळ रचनेतच घेतल्या. ही कंपनी मुळात १६८९ मध्ये सुरू झालेला बंदुकांचा कारखाना आणि तिची पहिली चेनसॉ १९५९ ची, म्हणजे काँट्राचीच समवयस्क.

याचा परिणाम किती झाला, हे ईशान्य फिनलंडमधल्या सुओमुस्साल्मी इथल्या जंगलकामगारांच्या दीर्घ अभ्यासातून कळतं. १९७२ मध्ये तिथल्या ४० टक्के कामगारांना पांढऱ्या बोटांचा त्रास होता. १९९० मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं होतं. याच काळात मुठीपर्यंत पोचणारं कंपन १४ मीटर प्रति सेकंद वर्गावरून २ वर उतरलं. या आकड्यांचा अर्थ कळण्यासाठी आजचा युरोपीय नियम शेजारी ठेवू. आठ तासांच्या पाळीत सरासरी कंपन २.५ च्या वर गेलं तर मालकानं उपाययोजना करायची आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. हिशेब वर्गाचा असल्यामुळे कंपन दुप्पट झालं की परवानगीचा वेळ चौथ्या हिश्शावर येतो. ढोबळमानानं पाहिलं तर १४ कंपनाची करवत पाव तासात पहिली मर्यादा गाठते आणि तासाभरात दुसरीही ओलांडते. २ कंपनाची करवत दिवसभर चालवली तरी पहिली मर्यादा शिवत नाही. जुन्या-नव्याच्या वादात माझ्या लेखी सर्वांत वजनदार पुरावा हा आहे. फिनलंडच्या त्या माणसांची बोटं कुणी औषधानं वाचवली नाहीत, ती रबराच्या काही गोळ्यांनी आणि कमी कामाच्या तासांनी वाचवली.

पुढे रबराच्या जागी पोलादी स्प्रिंग आल्या. स्प्रिंगवर तरंगणाऱ्या मुठी हाताला आणखी सुखावतात, पण करवत थोडी सैल वाटते. पट्टी जिथे टेकवायची तिथे नेमकी टेकत नाही, असं जुने लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. रबरावरची करवत ताठ असते, बारीक छाटणीला बरी पडते. पण रबर म्हातारं होतं. त्याला चिरा जातात, पेट्रोल-तेलानं ते फुगतं आणि मग कंपन पुन्हा हातात उतरू लागतं. वीस वर्षं वापरलेली करवत ‘अजून नव्यासारखी कापते’ हे खरं असू शकतं. ती अजून नव्यासारखी हात राखते का, हे वेगळं तपासावं लागतं.

बोटांचा आजार हळूहळू जडतो, गळ्याची जखम डोळ्याचं पातं लवायच्या आत होते. पट्टीच्या नाकाचा वरचा चतुर्थांश भाग चालू साखळीसकट फांदीला किंवा दुसऱ्या ओंडक्याला लागला, की दाता अडकतो आणि साखळीची सारी ताकद पट्टीला वर, मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे फेकते. यालाच किकबॅक म्हणतात. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात हे घडून जातं. माणसाला ‘थांब’ म्हणायलाही वेळ नसतो, म्हणून यंत्रालाच ते स्वतःहून करावं लागतं. १९७२-७३ च्या सुमारास श्टील आणि हुस्क्वार्ना या दोघांनीही चेनब्रेक आणला. त्याची रचना साधी आहे. क्लचच्या ड्रमभोवती एक पातळ पोलादी पट्टा असतो आणि त्याला ताणून धरलेली एक कडक स्प्रिंग. पुढच्या मुठीसमोरचा उभा दांडा ही तिची कळ. करवत उसळली की मनगट दांड्यावर आपटतं, कळ सुटते, पट्टा ड्रमला आवळतो आणि साखळी थांबते. पुढे यात आणखी एक युक्ती आली. मनगट लागलं नाही तरी चालेल, कारण करवत झटक्यानं वर जाताना दांडा स्वतःच्या जडत्वानं मागे राहतो आणि तेवढ्यानंच कळ सुटते. जमिनीवर ओंडके कापताना हात कसाही धरलेला असो, ही कळ काम करते.

श्टीलची ‘०७०’ ही काँट्राच्याच वंशातली, तेवढ्याच सीसीची. चेनब्रेक नसलेली ही दणकट करवत आग्नेय आशियात, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत ओंडक्यांच्या फळ्या काढायला पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आणि तिच्या चिनी नकलाही निघाल्या. तिची कीर्ती खरी आहे: बिघडत नाही, बिघडली तरी झाडाखाली बसून दुरुस्त होते. पण श्रीमंत देशांतल्या कामगाराच्या हातातून जी करवत त्याच्या जिवासाठी काढून घेतली गेली, ती गरीब देशांतल्या कामगाराच्या हातात ‘मजबूत माल’ म्हणून राहिली. या गोष्टीचं वाईट वाटतं आणि ते वाटलंच पाहिजे.

धुराच्या प्रकरणात गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे आणि वाद सर्वांत जास्त पेटतो तोही इथेच. साधं टू-स्ट्रोक इंजिन श्वास घेतं तेव्हाच सोडतंही. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येऊन जळलेल्या वायूला बाहेर ढकलतं, त्या वेळी धुराचं दार उघडंच असतं. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा पाव ते एक तृतीयांश भाग न जळताच बाहेर पडतो. आपल्याकडे टू-स्ट्रोक स्कूटर आणि रिक्षांच्या काळात रस्त्यावर जो निळसर धूर असे, त्याचं मूळ याच दोषात होतं. स्कूटरवाला तो धूर मागे सोडून जात असे. बुंध्यावर वाकलेला लाकूडतोड्या मात्र त्याच धुरात श्वास घेतो.

अमेरिकेनं १९९७ पासून हातात धरायच्या इंजिनांना मर्यादा घातल्या. ५० सीसी आणि त्यावरच्या इंजिनांना पहिल्या टप्प्यात एका किलोवॉट-तासाला १६१ ग्रॅम हायड्रोकार्बनची मुभा होती. पुढच्या टप्प्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडांसह ती ७२ ग्रॅमवर आणली गेली. कंपन्यांनी यावर शोधलेला तोडगा सुरेख आहे. सिलिंडरमध्ये मिश्रण सोडण्याआधी नुसत्या हवेचा एक थर सोडायचा. जळलेल्या वायूला ही हवा ढकलते आणि दारातून काही निसटायचंच असेल तर आधी ही हवा निसटते, पेट्रोल मागे राहतं. जपानच्या झेनोआनं या दिशेनं लवकर पाऊल टाकलं. २००७ मध्ये ती कंपनी हुस्क्वार्नानं विकत घेतली. या पद्धतीनं इंधन २० टक्क्यांपर्यंत वाचतं, असा दोन्ही मोठ्या कंपन्यांचा दावा आहे.

आता श्टीलच्या ७० सीसी घराण्याचा क्रम पाहा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘०४४’ आली, ७०.७ सीसीची. पुढे तीच थोड्या फेरफारानं ‘एमएस ४४०’ झाली: ४ किलोवॉट, ६.३ किलो. अनेक देशांतल्या लाकूडतोड्यांच्या मते यापेक्षा चांगली करवत झालीच नाही. मग हवेच्या थराची ‘एमएस ४४१’ आली: ४.१ किलोवॉट, ६.६ किलो. दुकानात दोन्ही शेजारी ठेवल्या तर गिऱ्हाइकाला काय दिसणार? ताकद नखभर वाढली, वजन ३०० ग्रॅम वाढलं. इंजिनाभोवती जास्तीचे हवामार्ग आले आणि अंगही फुगलं. हुस्क्वार्नाच्या गाजलेल्या ३७२ मॉडेलबाबतही तेच झालं. हवेचा थर असलेली तिची आवृत्ती मूळ मॉडेलहून जड होती. ‘नवं म्हणजे जड आणि नाजूक’ हा समज याच काळात रुजला. तो अगदी खोटा नव्हता. वाचलेलं पेट्रोल संध्याकाळी कॅनमध्ये दिसतं, न घेतलेला धूर कुठेच दिसत नाही, आणि ३०० ग्रॅम मात्र पहिल्याच फांदीला मनगटाला कळतात.

पण ४४१ ही या वाटेवरची पहिली पायरी होती. ४६२ मध्ये अभियंत्यांनी कवचापासून स्प्रिंगपर्यंत एकेक भाग हलका केला आणि वजन ६ किलोवर आणलं. आता एका किलोवॉटमागे किती वजन वाहावं लागतं ते पाहू. काँट्राला २.७ किलो, ४४० ला सुमारे १.६, ४४१ ला पुन्हा तेवढंच, ४६२ ला १.३६. स्वच्छ इंजिनाच्या पहिल्या पिढीवरून सगळ्या नव्या करवतींना नावं ठेवणारे बरेच भेटतात. त्यांचं ज्ञान खरं असतं, फक्त ते एक पिढी मागचं असतं.

नव्या करवतीनं माणसाकडून जे काढून घेतलं, ते एका स्क्रूपाशी सापडतं. जुन्या कार्ब्युरेटरला दोन सुयांचे स्क्रू असत, एक मंद चालीचा आणि एक वेगाचा. दोन्ही कानानं लावायचे. वेगाचा स्क्रू हळूहळू मोकळा करत गेलं की पूर्ण वेगातला चिरका आवाज एका क्षणी भरडा होतो, इंजिन मधेच एखादा ठोका चुकवल्यासारखं गुरगुरतं. म्हणजे मिश्रणात पेट्रोल किंचित जास्त आहे. मग पट्टी लाकडात घालायची. भार पडताच गुरगुर थांबून आवाज स्वच्छ झाला आणि पट्टी बाहेर काढताच गुरगुर परत आली, तर स्क्रू बरोबर लागला. कापताना आवाज स्वच्छ आणि रिकामं चालवतानाही तितकाच स्वच्छ, चिरका असेल तर मिश्रण पातळ आहे. अशा इंजिनाला तेलही कमी पोचतं, कारण टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच येतं, आणि पिस्टन चिकटायला वेळ लागत नाही. घाटमाथ्यावरची विरळ हवा, सकाळचा गारवा, दुपारचं ऊन, प्रत्येक बदलाला स्क्रू थोडा फिरवावा लागे. ज्याला हे जमे, त्याला चार गावांचं बोलावणं येई.

आधी कायद्यानं या स्क्रूंवर टोप्या आल्या, म्हणजे ते ठरावीक मर्यादेतच फिरावेत. २०१० च्या आसपास स्क्रूच गेले. श्टीलची एम-ट्रॉनिक आणि हुस्क्वार्नाची ऑटोट्यून या पद्धतींत एक छोटा संगणक फेऱ्यांचा अंदाज घेत पेट्रोलची झडप उघडझाप करतो. जो माणूस कानानं करत होता, तेच तो सेकंदाला कित्येकदा करतो. उंची बदलो, हवेची जाळी अर्धी तुंबो, तो सांभाळून घेतो. २०१९ च्या ‘एमएस ५००आय’मध्ये कार्ब्युरेटरच उरला नाही. बॅटरी नसलेल्या, दोरी ओढून सुरू होणाऱ्या या करवतीत फ्लायव्हीलवर वीज तयार होते आणि तिच्या जोरावर पेट्रोल थेट इंजिनाच्या पोटात फवारलं जातं. ७९.२ सीसी, ५ किलोवॉट, ६.२ किलो. इंजेक्शनवर चालणारी ही जगातली पहिली चेनसॉ.

व्यवहारात हे सगळं उत्तम चालतं, ही गोष्ट मान्य करायला हवी. स्क्रू चुकीचा लावल्यानं जळालेल्या पिस्टनांची संख्या कमी झाली. पण हवा कुठून तरी शिरत असली, तर पूर्वी आवाज बदलून इंजिन आधी बोलायचं. आता संगणक जास्त पेट्रोल देऊन ते झाकत राहतो आणि झाकता येईनासं झालं की मगच मशीन बसतं. दोष शोधायला कंपनीचं निदानयंत्र आणि सॉफ्टवेअर लागतं आणि ते अधिकृत दुकानातच असतं. श्टीलची भारतातली कंपनी पुण्यात आहे, म्हणून पुणे परिसरात ही अडचण फार जाणवणार नाही. गडचिरोलीच्या किंवा तळकोकणाच्या आतल्या गावात मात्र जवळच्या दुकानाचं अंतर हाही करवतीचा एक गुणधर्मच धरावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे: कंपन, ब्रेक आणि धूर या तीन बाबतींत नव्याला पर्याय नाही. दुरुस्तीच्या बाबतीत कंपन्यांनी कामगाराचं कौशल्य हिरावलं आणि त्याच्या बदल्यात पुरेसं काही दिलं नाही. निदानयंत्र प्रत्येक मेकॅनिकला परवडेल असं करणं अवघड नव्हतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आंबे-फणस उन्मळून घरांवर आणि रस्त्यांवर पडले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या चेनसॉ घेऊन रस्ते मोकळे करत होत्या. पडलेलं झाड कापणं हे उभं झाड पाडण्यापेक्षा धोक्याचं असतं. खोड कुठे ताणलेलं, कुठे दाबलेलं, हे बाहेरून कळत नाही. पट्टी चिमटते, फांदी सुटून उसळते, नाक भलत्याच फांदीला लागतं. चेनब्रेकचा उपयोग असतो तो नेमका अशा वेळी. आणि आपल्याकडे ऑनलाइन बाजारातून ५२ नि ५८ सीसीच्या अतिस्वस्त करवती घरोघर पोचताहेत, त्या पहिल्यांदा बाहेर निघतात त्याही अशाच वेळी, हात न बसलेल्या माणसाकडून.

बॅटरीची करवत या सगळ्याला कितपत उत्तर आहे? छाटणीला आणि शहरातल्या झाडांना ती आज पुरते. धूर नाही, ट्रिगर सोडला की शांतता, कंपन नगण्य. पण ४६२ च्या टाकीत सुमारे ०.७ लिटर पेट्रोल मावतं आणि इंजिनानं बहुतेक उष्णता वाया घालवूनही त्यातून एक किलोवॉट-तासाहून जास्त काम निघतं. श्टीलची मोठी बॅटरी ३३७ वॉट-तासांची आहे, म्हणजे एका टाकीमागे तीन-चार बॅटऱ्या धराव्या लागतात. दूर जंगलात त्या चार्ज कुठे करायच्या हा प्रश्न उरतोच. कॅलिफोर्नियानं लहान पेट्रोल इंजिनांच्या विक्रीवर २०२४ च्या मॉडेलपासून निर्बंध आणले, तरी ४५ सीसी आणि त्यावरच्या चेनसॉ त्या राज्याच्या अधिकाराबाहेरच राहिल्या, कारण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात त्या शेती आणि बांधकामाच्या यंत्रांत मोडतात. तेव्हा ७० सीसीची पेट्रोल करवत अजून बराच काळ आपल्याबरोबर असेल, आणि तिच्यातल्या बऱ्याच वापरलेल्या असतील.

म्हणून वापरलेली ०४४ किंवा ४४० घ्यायची झाली तर काय पाहायचं ते सांगतो. सायलेन्सर काढून धुराच्या दारातून पिस्टन पाहावा; त्यावर उभे ओरखडे असतील तर आतलं काम निघालंच. इंजिन बंद असताना सुरू करायच्या दोरीची मूठ धरून करवत तिच्यावर लोंबकळू द्यावी. ती आपल्या वजनानं सरसर खाली आली तर दाब उरलेला नाही. दोन्ही मुठी धरून इंजिन हलवून पाहावं. रबर चिरलं असेल तर मूठ एका बाजूला जास्त झुकते, ती रबरं मिळतात आणि स्वस्त असतात, लगेच बदलावीत. मग करवत सुरू करून थोडा वेग द्यावा, ट्रिगर सोडावा आणि दांडा मनगटानं पुढे ढकलावा. खटका स्पष्ट ऐकू आला पाहिजे आणि साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. दांडा मोडलेला असेल किंवा पट्टा झिजून साखळी सरकत राहत असेल, तर किंमत कितीही कमी असो, दांडा, पट्टा आणि स्प्रिंग नवी बसवून घेतल्याशिवाय ती करवत लाकडाला लावू नये.